मिरगाला येनार, लिवून घ्या

कोर्टाचा बेलीफ हा प्राणी कुणालाच आवडत नाही. न्यायाधीश खुर्चीवर बसून हुकूम देतात, वकील डगला झटकून घरी जातात, आणि तो हुकूम माणसाच्या दारात नेऊन पोचवायचं काम तेवढं बेलिफाच्या वाट्याला येतं. मी ते आयुष्यभर केलं. अंगात खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला, काखेत कागदांची पिशवी. गावात शिरलो की आधी कुत्री भुंकायची, मग माणसं.

गमतीही पुष्कळ झाल्या. माधवनगरच्या एका चाळीत एक गृहस्थ स्वतःच्याच दारात उभं राहून मला सांगायचे की ते घरी नाहीत, मी त्यांचा धाकटा भाऊ. तीन खेपा मी परत गेलो. चौथ्या खेपेला आतून त्यांच्या आईनं विचारलं, ‘‘आरं, तुला भाऊ कवा झाला?’’ आणि समन्स लागू झालं. एका म्हातारीनं मला आधी पोटभर पिठलं-भाकरी वाढली, हात धुवायला पाणी दिलं, आणि मग ‘आण तुझा कागूद’ म्हणून अंगठा पुढे केला. हे किस्से मी लग्नाकार्यात सांगत आलोय आणि लोक हसत आलेत. पुढचा किस्सा मी कधी सांगितला नाही. तो फक्त बायकोला ठाऊक आहे, आणि तिलाही अर्धाच.

आधी आमच्या कामाची रीत सांगतो. ज्याच्यावर दावा लागला त्याला समन्स हातात द्यायचं आणि सही घ्यायची. माणूस घरी नसेल तर शेजारीपाजारी विचारायचं, कुठं गेला, कधी येणार. तो इतक्यात सापडण्याची आशाच नसेल तर शेवटचा उपाय म्हणून कागद दारावर डकवायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि सगळं जसंच्या तसं अहवालात लिहायचं. कामचुकार बेलिफांचा हा पहिला उपाय असतो. मी कामचुकार म्हणून कधीच ओळखला गेलो नाही, म्हणूनच माझ्या अहवालाकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नसे. घात तिथंच झाला.

मी मूळचा कराडला लागून असलेल्या मलकापूरचा. आमचं थोडं उसाचं रान होतं. दरवर्षी दिवाळी झाली की पूर्वेकडून धनगर मेंढरं घेऊन यायचे. खतासाठी वडील चार रात्री रानात मेंढरं बसवायचे आणि मोबदल्यात जोंधळे घालायचे. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, तवा, घोंगडी, रांगतं पोर. पाचव्या दिवशी सकाळी रान मोकळं आणि नुसता लेंड्यांचा वास. ही माणसं येतात कुठून आणि जातात कुठं, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. त्यांचं घर म्हणजे घोडा, अशी माझी बालपणापासूनची समजूत. मोठेपणी कोर्टात चिकटलो, बिल्ला मिळाला, पण ती समजूत डोक्यात तशीच बसून राहिली.

सत्तरच्या आसपास माझी बदली सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वेला झाली. तालुक्याचं नाव सांगत नाही. ज्या गावाची ही गोष्ट, त्याला मी माळेवाडी म्हणतो.

माळेवाडीत एक सुभेदार होते. मूलबाळ नाही, बायको आधीच गेलेली. पलटणीतून निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी गावाबाहेर दगडी तीन खणाचं घर बांधलं. गावातला बिरा नावाचा धनगराचा तरणा पोरगा त्यांनीच हाताला धरून भरतीला नेला होता. तो पासष्टच्या लढाईत गेला. मागे राहिली त्याची बायको बायजाबाई, वय पंचविशीच्या आत. सुभेदारांच्या मनाला ते फार लागलं. त्यांनी रजिस्टर कचेरीत जाऊन दस्त केला, आणि घर तीन विश्वस्तांच्या ताब्यात दिलं. बाहेरच्या माणसाला हे समजायला जरा अवघड जातं. घर नावावर असतं विश्वस्तांच्या, घरपट्टीची पावती त्यांच्या नावाची, पण ते त्यांनी राखायचं असतं दुसऱ्या कुणासाठी तरी. इथं ती दुसरी म्हणजे बायजाबाई. तिनं हयात असेपर्यंत त्या घरात राहावं, कुणी उठवू नये. तिनं घर कायमचं सोडलं किंवा ती वारली, तर मग घर सुभेदारांच्या पुतण्याला, सर्जेरावांना मिळावं.

आणि तीन विश्वस्तांत एक हे सर्जेरावच. सुभेदार सरळ मनाचे, त्यांना यात काही वावगं दिसलं नसावं. सुभेदारांच्या माघारी उरलेल्या दोघांपैकी शाळामास्तर वारले, दुसरे मुलाकडे पुण्याला गेले. कुंपण तेवढं एकटं राहिलं आणि शेताकडे बघत बसलं. तोवर घरासमोरून पक्का रस्ता झाला, एसटीचा थांबा झाला, आणि तीन खणाचं घर हॉटेलाला उत्तम जागा ठरलं.

बायजाबाई दिराच्या मेंढरांबरोबर हिंडायची. तिची स्वतःची वीसेक मेंढरं त्याच कळपात होती. दिवाळीनंतर खाली कृष्णाकाठाला जायचं आणि मृग नक्षत्राच्या सुमाराला वर यायचं. आल्यावर बाजरी पेरायची, चार महिने घरात राहायचं. सर्जेरावांनी नेमका ती नसतानाचा काळ धरून दावा लावला, की बाई घर सोडून गेली, तिचा हक्क संपला, कब्जा द्यावा.

बहात्तर साल नुकतंच लागलं होतं. समन्स घेऊन मी माळेवाडीला दुपारच्या एसटीनं उतरलो. परतीची एसटी तासाभरानं, ती चुकली की थेट दुसऱ्या दिवशी. सर्जेराव थांब्यावर हजरच होते. त्यांनी चहा पाजला, भजी मागवली, आणि घर दाखवायला दोन माणसंही सोबत दिली. घराला कुलूप होतं. समोर चिंचेखाली तातोबा नावाचे म्हातारे धनगर चातीवर लोकर कातत बसले होते. मी विचारलं, बायजाबाई कुठं आहे?

‘‘मेंढरं घिऊन खाली गेल्याती,’’ ते म्हणाले. ‘‘मिरगाला येत्याल.’’

मी ऐकलं. बहिरा नव्हतो. पण एसटीचा हॉर्न वाजला, सर्जेरावांची माणसं सही करायला अधीर झाली होती, आणि माझ्या डोक्यात तो घोडा होता. कागद दाराला डकवला आणि अहवालात लिहिलं: ‘प्रतिवादी घरास कुलूप लावून मेंढरांसह निघून गेली आहे. परत येण्याचा भरवसा नाही.’ तातोबांचं नाव नाही, मृगाचं नाव नाही. एसटी मिळाली.

त्या साली पाऊस झालाच नाही. मृगाला वर येऊन मेंढरांना खायला काय घालणार? धनगर खालीच राहिले, उसाच्या वाड्यावर, म्हणजे तोडलेल्या हिरव्या शेंड्यांवर, आणि नदीकाठच्या गवतावर कसेबसे जगले. दारावरचा कागद वाऱ्यानं गेला की कुणी फाडला, देव जाणे. कोर्टात तारखा पडत गेल्या, प्रतिवादीचा पुकारा होत गेला. साहेबांनी मला एकदा पिंजऱ्यात उभं करून शपथेवर विचारलं, हा अहवाल खरा आहे का? मी म्हणालो, होय साहेब. मिनिटभराचं काम. दाव्याचा एकतर्फी निकाल लागला आणि त्याला मुख्य आधार माझा अहवाल. बाई घर सोडून गेली, हे कोर्टाच्या माणसानंच लिहून दिलं होतं ना.

मी दर शनिवारी मलकापूरला जात होतो. त्या वर्षी रस्त्याकडेच्या वावरांत नेहमीपेक्षा जास्त मेंढरं बसलेली दिसायची. एसटीच्या खिडकीतून मी ती बघायचो आणि शेजारच्याला म्हणायचो, यंदा धनगर परतलेच नाहीत बुवा. जिचा कोर्टाला पत्ता लागत नव्हता ती बाई त्यांच्यातच कुठंतरी होती. माझ्या एकदाही मनात आलं नाही.

पुढच्या वर्षी मृग लागून दोन दिवस झाले होते, तेव्हा कब्जाचं वॉरंट माझ्याच हातात आलं. सर्जेरावांनी पोलिसांची मदत मागितली नव्हती. रिकामं घर, कुलूप तोडायचं, ताबा घ्यायचा, त्याला पोलीस कशाला? त्यांना आणि मला, दोघांनाही एक गोष्ट ठाऊक नव्हती. बायजाबाई आदल्याच दिवशी परत आली होती.

दार उघडं होतं. अंगण शेणानं सारवलेलं, अजून ओलसर. सोप्यात एक काळीसावळी, उंच बाई बसली होती. पुढ्यात मडकं. मडक्याच्या तोंडाला लिंपलेलं शेण ती उलथन्यानं खरवडून काढत होती. आतली बाजरी तिनं सुपात ओतली, त्यातली राख पाखडली आणि दाणे हातात घेऊन उजेडाला धरले. भिंतीवर फौजी टोपीतल्या एका तरुणाचा फोटो होता.

मी वॉरंट वाचलं. तिला समजेना. पुन्हा वाचलं, सोपं करून सांगितलं, की तुम्ही घर सोडून गेलात म्हणून तुमचा हक्क संपला, आज घर खाली करून द्यायचं आहे.

‘‘आवं सायेब, घर सोडून कोन गेलंय?’’ ती म्हणाली. ‘‘मेंढरं खाली गेल्ती. मेंढरामागं मानूस जातंय. घर हितंच हुतं की.’’

मी विचारलं, हे मडकं कधीचं? म्हणाली, गेल्याच्या गेल्या सालचं, जाताना बियाणं लिंपून ठेवून जातो. मी त्या दुष्काळात फिरलेला माणूस. लोकांनी बियाणं दळून खाल्लेलं मी पाहिलं होतं. खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या फडक्यात मिलोची, त्या परदेशातून आलेल्या सरकारी जोंधळ्याची, लाल भाकरी पाहिली होती. आणि ही बाई दीड वर्ष दुसऱ्यांच्या रानात उपाशीतापाशी हिंडत असताना इथं मडकंभर बाजरी लिंपून ठेवलेली होती. घर कायमचं सोडणारा माणूस त्यात पुढच्या पेरणीचं बी ठेवून जाईल का? कोर्टात मांडायला याहून मोठा पुरावा नव्हता, आणि तो माझ्याशिवाय कुणी बघत नव्हतं.

सर्जेराव म्हणाले, ‘‘साहेब, वाचन झालं न्हवं? आता सामान भाईर काढा.’’

बेलिफाला सल्ला द्यायचा अधिकार नसतो. मी त्या बाईला असं म्हणू शकत नव्हतो, की वकील गाठ, तुला मुळात समन्स मिळालंच नाही असं सांग, निकाल फिरेल. पण एक गोष्ट मला ठाऊक होती. तिनं आपल्या पायानं घर सोडलं आणि मी किल्ली सर्जेरावांना दिली, की पुढचं सगळं कठीण. हॉटेलाची भट्टी पेटायला आठवडा पुरला असता. तिनं अडवलं तर मात्र मी हात लावू शकत नव्हतो. बाईमाणूस, सोबत पोलीस नाही. ‘अडथळा झाला’ असा शेरा मारून मला वॉरंट परत न्यावं लागलं असतं. तिनं अडवायला हवं होतं.

आणि ती अडवेना. सरकारचा कागद म्हटल्यावर ती उठली आणि मुकाट्यानं आवरायला लागली. आयुष्यभर दर चार रात्रींनी बिऱ्हाड उचलणारी बाई. फोटो उतरवून घोंगडीत गुंडाळला, तवा, दोन भांडी, ट्रंक. बघता बघता अर्धं घर अंगणात आलं. माझं सामान हलवायचं तर मला चार दिवस लागतात. तिला अर्धा तासही लागत नव्हता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाई, जरा हळू.

मी विचारलं, ‘‘बायजाबाई, तुमची काही हरकत आहे का?’’

‘‘सरकारची हाय आज्ञा. हरकत काय करायची?’’

मी यादी लिहायला बसलो. एकेक भांडं मुद्दाम दोनदा लिहिलं. सर्जेराव चिडायला लागले. सूर्य कलत होता, आणि सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरून कारवाई करता येत नाही हे त्यांच्या वकिलानं त्यांना सांगितलेलं दिसत होतं. मी पुन्हा विचारलं, हरकत आहे का? ती नुसती ‘नाही’ अशी मान हलवून आत गेली. आता आत एवढंच राहिलं होतं, सूप आणि मडकं. ती दोन्ही घेऊन ती उंबऱ्यापाशी आली. मी तिसऱ्यांदा विचारलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

चिंचेखालून तातोबांनी चाती थांबवली. ‘‘बायजे,’’ ते म्हणाले, ‘‘सायेब तिसऱ्यांदा इचारत्यात. उगं इचारत न्हाईत. जरा मानसाकडं बघ.’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मडकं मांडीवर घेऊन ती उंबऱ्यातच खाली बसली.

‘‘हाय,’’ ती म्हणाली. ‘‘माजी हरकत हाय.’’

मी ते शब्द तिच्याच भाषेत लिहून घेतले आणि खाली तिचा अंगठा घेतला. सर्जेराव माझ्या अंगावर धावून आले. हे सगळं तुम्हीच घडवून आणलंत, मी वर तक्रार करतो, नोकरी घालवतो, असं बरंच बोलले. खोटं बोलत नव्हते ते. मी वॉरंटावर शेरा लिहिला आणि पिशवी उचलली. जाताना तातोबांना इतकंच म्हणालो की कोर्टातल्या कागदांच्या नकला सकाळी मिळतात.

त्या दोघांनी नकला काढल्या, वकील मिळाला, निकाल रद्द करण्यासाठी अर्ज पडला. आणि साक्षीला नाव कुणाचं? माझं. नाझर म्हणजे आमचे वरिष्ठ. माणूस भला, माझ्या काळजीचा. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, वेड्या, वर्ष-दीड वर्ष झालं, नुसतं ‘आठवत नाही’ म्हण. त्यात खोटं पकडायला कुणी येत नाही. शपथेवर एकदा अहवाल खरा म्हणालास आणि आता खोटा म्हणालास तर नोकरी जाईल. घरी दोन मुली शाळेत जात होत्या. बायकोला मी अर्धंच सांगितलं ते यामुळेच. त्या आठवड्यात ‘आठवत नाही’ हे दोन शब्द मी आंघोळ करताना, जेवताना म्हणून बघत होतो.

पिंजऱ्यात उभा राहिलो तेव्हा बायजाबाई मागे भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. बाकावर बसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती बसलीही नसती. तिच्या वकिलांनी विचारलं, बाई कधी परत येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?

‘‘होय. मृगाला येतील, असं तातोबांनी सांगितलं होतं.’’

‘‘मग ते अहवालात का लिहिलं नाही?’’

एसटीचं सांगावं असं एकदा वाटलं. पण एसटी हे काही खरं कारण नव्हतं.

‘‘धनगराला घर असतं, हे मला माहीत नव्हतं,’’ मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. साहेबांनी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मला वाटलं होतं, बाईला बरं वाटेल. मी तिच्याकडे बघितलं तर ती आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती.

एकतर्फी निकाल रद्द झाला. दावा पुन्हा चालला आणि शेवटी साहेबांनी असं ठरवलं, की पोटासाठी मेंढरांमागं जाणं म्हणजे घर सोडणं नव्हे, बाईचा राहण्याचा हक्क शाबूत आहे. सर्जेरावांना विश्वस्तपदावरून काढून तिथं दुसरा माणूस नेमला. माझी नोकरी गेली नाही. नोकरीच्या पुस्तकात ठपका आला आणि कारकुनाची बढती कायमची गेली. बेलीफ म्हणून लागलो, बेलीफ म्हणूनच निवृत्त झालो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळंच.

निकाल लागला त्या साली दिवाळी झाल्यावर एके सकाळी मी कोर्टाच्या ओट्यावर समन्सं लावत बसलो होतो. समोर बायजाबाई येऊन उभी राहिली, हातात काठी, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. माळेवाडीहून चालत आली होती.

‘‘मेंढरं खाली निघाल्याती,’’ ती म्हणाली. ‘‘मिरगाला येनार. लिवून घ्या.’’

मी तिला समजावलं, की बाई, याची काही गरज नाही. निकाल तुमच्या बाजूनं लागलाय, घर तुमचंच आहे, कुठंही जा, कधीही या.

‘‘तवा बी गरज नव्हती की,’’ ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पाऊसपाण्याविषयी बोलावं तसं ती बोलली. असल्या गोष्टीची नोंद करायला कोर्टात कुठलीच वही नव्हती. मी माझ्या खिशातली डायरी काढली, मागच्या पानावर लिहिलं, तिला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि चालायला लागली. तिचं घर तिला परत मिळालं होतं, पण पूर्वी ती कुणालाही न विचारता कुलूप लावून जात होती. तेवढं मी तिच्याकडून काढून घेतलं ते घेतलंच, आणि ते परत द्यायचा हुकूम कुठल्या साहेबाला देता येत नाही.

ती दरवर्षी आली. नवी डायरी घेतली की मी मागचं पान तिच्यासाठी कोरं ठेवायचो. केस पांढरे झाले, काठीवर भार जास्त पडायला लागला, पण दिवाळी झाली की एका सकाळी ती ओट्यापाशी हजर असायचीच. माझ्या शेवटच्या वर्षी मी तिला सांगितलं, की मी आता निवृत्त होतोय, मलकापूरला जातोय, पुढच्या दिवाळीला इथं नसेन. तिनं नेहमीचं लिहून घ्यायला लावलं, वाचून घेतलं. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

‘‘मग म्होरल्या साली,’’ तिनं विचारलं, ‘‘कुनाला सांगू?’’